नावानं हाक आली तर

"वर यायला कुठला ऋतू बरा हो, ताई?" असं मला जो तो विचारतो. मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी नुसता अननस घ्यायला थांबलेला माणूससुद्धा विचारतो. मी म्हणते, डोंगर बारा महिने तोच असतो बाबा, मारायची तऱ्हा तेवढी बदलतो. पावसाळ्यात ओढे. सकाळी ज्यातून चप्पल न भिजवता आलात, तोच ओढा दुपारी बैल वाहून नेतो. पलीकडे अडकलात तर उपाशी बसा, पण पाण्यात उतरू नका. ऑक्टोबरात ऊन. वरच्या कातळावर थेंबभर पाणी नाही, आणि माणूस चक्कर येऊन पडतो तो थेट खालीच जातो. आणि जून-जुलैत, म्हणजे आमच्या थंडीत, चिपेरोनी.

चिपेरोनी म्हणजे नुसतं धुकं असतं तर कुणी विचारलं असतं! पूर्वेकडून वर सरकतं, बरोबर बारीक बोचरा पाऊस आणतं आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस हलायचं नाव घेत नाही. स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. तेव्हा असाल तिथं आडोसा बघून बसायचं, असतील तेवढे कपडे अंगावर चढवायचे, वाटेच्या खुणेसाठी खडकावर रंगवलेले तांबडे बाण दिसेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. हे सगळं मी पाहुण्यांना घसा कोरडा करून सांगते.

एक नियम मात्र सांगत नाही, कारण ते हसतात. सापित्वा शिखराच्या वाटेवर कुणी नावानं हाक मारली, तर ओ द्यायची नाही. वर जे राहतात ते नावं उचलतात. एकदा ओ दिलीत की त्या आवाजामागं चालायला लागता आणि मग तुमची टोपीसुद्धा सापडत नाही. म्हणून शेवटचं लाकडी घर मागं पडलं की आम्ही एकमेकांची नावं तोंडातून काढत नाही. मी डोंगरावर ओझी वाहते, लहानपणापासून ही वाट तुडवते, आणि हा नियम मोडलेला मी तोवर पाहिला नव्हता.

त्या जूनमध्ये उत्तरेकडची दोन भावंडं आली, मझुझू शहरातली. भाऊ मापोपा, शाळामास्तर, बोलणं कसं इस्त्री केलेलं. धाकटी बहीण तुसायिवे नर्सिंग शिकत होती, आणि तिच्या पायाला भिंगरी. सामान माझ्या डोक्यावर, आणि वाटाड्या म्हणून आमचा लुफेयो.

लुफेयो माझ्या मामाचा मुलगा. आमच्यात आत्ये-मामे भावंडांनी एकमेकांची थट्टा करायचीच असते, नाही केली तर लोक विचारतात, काय भांडण झालं? तो मला चारचौघांत बायको म्हणतो आणि त्याची खरी बायको बाजूला बसून खिदळते. मी त्याला माकडा म्हणते, मक्याचोर म्हणते, तोंडाला येईल ते म्हणते. मयतालाही सुट्टी नाही. माझ्या आईला मातीत ठेवताना हा खड्ड्याच्या कडेला आडवा झाला आणि म्हणाला, "आत्या, जरा सरक, मलाही जागा कर, ही तुझी पोरगी मला जगू देत नाही." लोक रडता रडता हसले. मीसुद्धा हसले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तू मर तर खरी, बघ तुझ्या मयताला काय काय बोलतो."

चिसेपोच्या लाकडी घरात आम्ही रात्र काढली. सकाळी आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख. पण मास्तरांचं पोट बिघडलेलं. पायथ्याशी कुणाकडून तरी मक्याचं आंबलेलं पेय, थोब्वा, प्यायले होते, दोन पेले. मी नको म्हणाले होते. उजाडल्यापासून त्यांच्या झाडीमागं खेपा चालल्या होत्या.

"मास्तरांचं शिखर तिकडंच झालं," लुफेयो म्हणाला. "चला ताई, आपण दोघं जाऊ. बायको, संध्याकाळी मक्याची गरम न्सिमा आणि सुके मासे तयार ठेव."

"मासे? तुला शेपटी ठेवते. आणि माझ्या बोचक्याला हात लावू नकोस, मक्याचोरा."

तुसायिवे माझ्याकडं बघून म्हणाली, "हे तुमचे मिस्टर का?"

"अगं बाई! थुंक, थुंक आधी!" मी म्हणाले. ती हसत हसत निघाली. तिच्या पाठीवरची निळी पिशवी कातळाआड जाईपर्यंत मी बघत होते.

दुपारी चिपेरोनी आलं. समोरचं झाड गेलं, मग अंगण गेलं, मग घराची पायरी गेली. मी मनात म्हटलं, काळजी नाही, लुफेयो बसवेल तिला कुठंतरी, जरा विरळ झालं की उतरतील. विरळ कुठलं व्हायला! घराचे राखणदार मालोया आजोबा बाहेर उभे राहून पत्र्याची थाळी बडवत राहिले, पण त्या ओल्या गोधडीत आवाज चार पावलांवर मरत होता. फोन तर वर चालतच नाही.

मग मापोपा पोट धरून उठला. तोंड पांढरं फटक, पण बूट घालायला लागला. "माझी बहीण आहे ती. मी घरी काय सांगू?"

आम्ही तिघं वर निघालो. कातळावर साबण फासल्यासारखं झालेलं. हातापायांवर, एका बाणापासून दुसऱ्या बाणापर्यंत. आणि अर्ध्या चढावर मास्तर उभा राहिला, तोंडाशी हात नेले आणि ओरडला, "तुसायिवेऽऽ! तुसायिवेऽऽ!"

मालोया आजोबांच्या हातातली काठी खाली पडली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "अहो दादा! नाव नका घेऊ! वर नाव घेत नाहीत!"

"मग काय करायचं, ताई? गप्प बसून शोधायचं?"

धुक्यात वर कुणी जातच नाही आमच्यात, मग धुक्यात हरवलेल्याला हाक कशी मारायची याचा रिवाज कुठून असणार! मी आजोबांकडं बघितलं, आजोबांनी माझ्याकडं. आणि तो मास्तर तर घशाची शीर तुटेपर्यंत ओरडत होता. मग माझ्याही तोंडून निघालं, "लुफेयोऽऽ!" माझाच आवाज मला परका वाटला. "लुफेयोऽऽ, ओ दे रेऽऽ!"

काही नाही. ठिबक ठिबक पाणी तेवढं.

अंधार पडायच्या आत आजोबांनी मास्तराला दंडाला धरून खाली आणलं. तो यायला तयार नव्हता. आजोबा म्हणाले, "दोघं वर आहेत. त्यांचे पाच केल्यानं ते खाली येत नाहीत, पोरा." ती रात्र कशी गेली ते मी सांगत बसत नाही.

सकाळी तेच धुकं, वर गोठवणारा वारा. थंडीत एक रात्र माणूस काढतो, दुसरी नाही काढत. तिघांनाही ठाऊक होतं की आज हाती लागले नाहीत तर उद्या न्यायला झोळी आणावी लागेल. मास्तरचा आवाज बसला होता, तरी तो बहिणीचं नाव घेत चढत होता. मी लुफेयोचं घेत होते. आता कसली लाज आणि कसली भीती.

दोन मोठ्या धोंड्यांमधून सरपटत जायची जागा आहे, तिथं माझ्या हाताला ओलं कापड लागलं. पिवळं, त्यावर लाल मासे. माझंच! माझ्या बोचक्यातलं कमरेचं वस्त्र, पठ्ठ्यानं चोरून नेलंच होतं. वाटेवरच्या दगडाला घट्ट बांधलेलं, वाऱ्यानं सुटू नये म्हणून दुहेरी गाठ. शोधणाऱ्याला खूण म्हणून.

"इथंच आहेत!" मी ओरडले. "दादा, इथंच आहेत! लुफेयोऽऽ! लुफेयोऽऽ!"

"तुसायिवेऽऽ!"

आम्ही थांबलो. कान देऊन उभे राहिलो. त्या जागेवरून खाकरलं तरी ऐकू यावं, इतकी खूण जवळची. आणि हूं नाही की चूं नाही.

तेव्हा मला कळलं. खूण बांधली म्हणजे तो इथं आहे. इथं आहे आणि ओ देत नाही, म्हणजे... मालोया आजोबांनी टोपी काढली. ते बघून मास्तर मटकन खाली बसला. रडला नाही, काही नाही, नुसता त्या कापडाकडं बघत राहिला.

मला रडू यायच्या ऐवजी संताप आला. असा संताप की मी त्या धोंड्यावर लाथ मारली. आणि मग जे करायला पाहिजे ते केलं. मयत माझ्या मामेभावाचं, थट्टा करायचा मान माझा. दुसरं कोण करणार तिथं?

"अरे माकडा!" मी म्हणाले. आवाज फुटत होता, फुटू दिला. "माकडाच्या जाती! शेवटी चोरीच्या कापडातच मेलास ना? स्वतःचं एक धड फडकं नव्हतं तुझ्याकडं! आता तुझ्या बायकोला मी काय सांगू, नवरा माझं लुगडं घेऊन वर गेला म्हणून? मक्याचोरा! मामानं तुझ्या पायाला दोरी बांधून वाढवला तुला, तरी तू बाजारात हरवायचास! पोरीला घेऊन हरवलास, नाकाड्या! आत माणूस राहील एवढं नाक तुझं, त्यात बसवायची होतीस तिला, ऊब तरी लागली असती! उठ! न्सिमा थंड झाली! मेलेला असलास तरी उठ!"

"नाकाचं काढू नकोस, म्हातारे," माझ्या पायाखालून आवाज आला. "तुझ्या तोंडात तर सगळं गाव राहील."

मी किंचाळले. खरं सांगते, धोंड्यावरून मागं पडले ती आजोबांच्या अंगावर. आजोबा देवाचं नाव घ्यायला लागले. ज्या धोंड्यावर मी लाथा घालत होते, त्याच्याच बुडाशी फट होती, आत माणूस अंग चोरून बसेल एवढी. त्यातून एक हात बाहेर आला. मग लुफेयोचं डोकं.

आम्ही दोघांनाही ओढून काढलं. पोरीचा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. पाऊस सुरू झाल्या झाल्या ओल्या कातळावर घसरली होती. बाकी लुफेयोनं एक गोष्ट चुकीची केली असेल तर शपथ. आडोसा गाठला, तिच्याखाली गवत घातलं, स्वतःचा तांबडा स्वेटर तिला, पोतं तिला, सगळ्या मांदासी, तळलेले पिठाचे गोळे, तिला खायला घातल्या, आपण एका सदऱ्यावर बसला. तिला रात्रभर झोपू दिलं नाही. ओठ निळे पडले होते तिचे, पण जिवंत होती.

मी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग गळ्यात पडले. त्याचा हात हातात घेतला तर तळवा फाटलेला. रक्त सुकून काळं झालेलं, आणि त्यात खड्डे, एका रांगेत.

"हे काय? काय चावलं? बिबट्या?"

त्यानं पोरीकडं बघितलं.

"मी," तुसायिवे म्हणाली.

आम्हाला कळेचना. मास्तर तिचे पाय चोळत होता, तो थांबला.

"काल दुपारीच दादाची हाक ऐकली मी," ती हळूहळू म्हणाली. जीभ जड झाली होती तिची. "अगदी जवळून. मी ओ देणार तेवढ्यात ह्यांनी तोंड दाबलं. मी चावले. तरी सोडलं नाही. तुमच्या सगळ्यांचे पाय वाजले, दादा. लांब जाताना वाजले."

बाप रे! काल. काल दुपारी. म्हणजे ती सगळी रात्र, तो वारा, ते गोठणं, काही काही सोसायला लागत नव्हतं. आम्ही त्यांच्यापासून चार पावलांवर उभे होतो आणि हा लेकाचा तिचं तोंड दाबून बसला होता!

मास्तरनं आजोबांची काठी उचलली. इस्त्रीचं बोलणं गेलं कुठल्या कुठं. "मारून टाकतो! माझ्या बहिणीला मारत होतास तू!"

लुफेयो हलला नाही. "मास्तर, तुम्हाला झाडीपर्यंत चालवत नव्हतं," तो म्हणाला. "सकाळी मी डोळ्यांनी बघून निघालो. तो माणूस चिपेरोनीत ह्या कातळावर कसा येईल? आणि आला तरी बरोबरची माणसं त्याला वर नाव घेऊ देतील? तो आवाज तुमचा नव्हताच, अशी माझी खात्री होती. तिला दिली असती का मी त्यांना? माझ्या हवाली केली होतीत ना तुम्ही?"

"आणि मी?" माझा तोल गेला. "मी काल ओरडले, आज सकाळी ओरडले! माझा आवाज ओळखत नाहीस, मेल्या?"

"आवाज तुझाच होता," तो म्हणाला. "पण लुफेयो म्हणत होता. जन्मात कधी तू मला लुफेयो म्हणालीस? तेव्हा तर मला घामच फुटला. म्हटलं, ह्यांनी आता एनिफाचा आवाजही उचलला. मग मक्याचोर म्हणालीस तेव्हा कळलं. तेवढं त्यांना कुठून ठाऊक असणार?"

एनिफा. त्यानंही माझं नाव पहिल्यांदाच घेतलं. मायेनं नाव घेऊन मारलेल्या हाकेनंच त्याला त्या फटीत आणखी आत ढकललं होतं.

मास्तरची काठी अजून वरच होती. "आज सकाळी पण तोंड दाबलंस तिचं?"

"नाही," तुसायिवे म्हणाली. "सकाळी ह्यांचा हात नव्हता."

"मग?"

तिनं डोळे मिटले. "मीच नाही दिली ओ," ती म्हणाली. "तू जवळ होतास. मी दोन्ही हातांनी माझं तोंड धरून ठेवलं."

काठी खाली आली. आजोबांनी बाटलीतलं साखरेचं गरम पाणी तिच्या ओठांना लावलं आणि म्हणाले, आता बोलणं पुरे, हिला खाली न्या.

ते पिवळं वस्त्र दगडावरून सोडवून त्यानंच मी तिला पाठीशी बांधली, लेकरू बांधतात तशी. हलकी होती हो पोर. लुफेयोला पाय टेकवत नव्हते, आजोबा त्याच्या बगलेत शिरले. मास्तर बाण शोधायला पुढं गेला. मी एकदा सांगितलं त्याला, "दादा, वाट सापडली की आवाज द्या, पण..." तो ऐकायला थांबला नाही, धुक्यात शिरला.

आजोबा आणि लुफेयो मागं राहिले होते, आम्ही दोघी कातळाच्या निरुंद पट्टीवर उभ्या होतो. खाली काही दिसत नव्हतं.

"तुसायिवेऽऽ!" खालून मास्तर ओरडला. "इकडं या, बाण सापडला! तुसायिवेऽऽ!"

मी ओ द्यायला तोंड उघडलं, आणि मागून एक गार हात माझ्या तोंडावर बसला. घट्ट. बर्फासारखी बोटं. मी हिसका द्यायला गेले तर दुसराही हात आला. तिचं हृदय माझ्या पाठीवर धाडधाड आपटत होतं, आणि ती माझ्या कानात कुजबुजली, "नको. नको, ताई. तो नाही."

मास्तरनं आणखी दोनदा हाक मारली. मी तशीच उभी. चावू शकले असते, पण चावले नाही.

शेवटी तो धापा टाकत परत वर आला. धुक्यातून आधी त्याचे हात आले, मग तोंड. "बहिऱ्या झालात का? केव्हाचा बोंबलतोय..." आणि मग त्यानं बघितलं. बहिणीचे दोन्ही हात माझ्या तोंडावर, आणि तिचे डोळे त्याच्यावर, जसे अनोळखी कुत्र्यावर असतात तसे.

तिनं एक हात सोडवला. पुढं केला, भावाचं नाक चिमटीत धरलं, गाल चाचपला, कान ओढून बघितला. त्यानं ओढू दिला. मग कुठं माझ्या तोंडावरचा दुसरा हात निघाला.

मास्तर तिथंच वाटेत खाली बसला आणि आता रडला. मी म्हणाले, "दादा, रडणं खाली गेल्यावर. लहानपणी काय म्हणून चिडवायचात हिला?"

त्यानं नाक पुसलं. "बेडकी," तो म्हणाला. "ही पाण्यात बसून राहायची म्हणून."

"मग तेच म्हणत उतरा."

तो उठला, पुढं झाला, धुक्यात गेला. मग खालून आवाज आला, घोगरा, लाजरा, शाळामास्तरी: "ए बेडके! डबक्यातले! तुझ्या... तुझ्या गुडघ्याएवढं तुझं डोकं नाही!"

शिकाऊ शिव्या होत्या, पण माझ्या मानेवर पोरीचा ऊन श्वास लागला, आणि अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "ओ."